बाबूराव शेडमाके : शिशाच्या गोळीसमोर टेकडीचे दगड

मार्च १८५८. चांदा जिल्ह्यातल्या गढीसुर्ला टेकडीखाली इंग्रजांची फौज उभी होती. खालून गोळ्या येत होत्या. वरून बाबूराव शेडमाके यांचे गोंड सैनिक दगड लोटत होते.

बाबूरावांचा जन्म १८३३ चा, अहेरी भागातल्या एका गोंड जमीनदार घराण्यातला. सप्टेंबर १८५७ मध्ये त्यांनी सुमारे ५०० जणांचे ‘जंगोम दल’ उभारले.

दगडांची वेळ का येते, हे त्या काळच्या बंदुकीवरून कळते. ठासणीच्या बंदुकीला दारू आणि शिशाची गोळी लागे. शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते, म्हणजे लाकडाच्या साध्या आगीवरही. ते साच्यात ओतले की गोळी तयार. आदळून चपटी झालेली गोळीसुद्धा पुन्हा वितळवून ओतता येई. पण मुळात शिसे हवे! चांद्याच्या मातीत लोखंड मुबलक, त्यामुळे भाल्याचे पाते गावातच घडे; शिसे मात्र बाहेरून आणावे लागे. इंग्रजांकडे त्याचा साठा होता.

तरीही बाबूराव गढीसुर्ल्याहून निसटले. २९ एप्रिलला प्राणहितेकाठी चिंचगुडीच्या तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला. गार्टलँड आणि हॉल हे दोन कर्मचारी मारले गेले.

मग कॅप्टन क्रिक्टन याने अहेरीच्या जमीनदार लक्ष्मीबाईंवर दबाव आणला. सप्टेंबरमध्ये त्यांच्याच माणसांनी बाबूरावांना पकडून दिले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. वय अवघे पंचवीस.