कपाशीची रोजची नोंद ठेवणारा शास्त्रज्ञ : विल्यम लॉरेन्स बॉल्स

बागायती कपाशीत एकाच शेतातील काही भाग जोमदार, तर काही भाग खुरटा दिसतो. असे का होते, याचा शोध झाडांच्या नोंदी ठेवून घेणाऱ्या सुरुवातीच्या शास्त्रज्ञांपैकी एक म्हणजे विल्यम लॉरेन्स बॉल्स.

बॉल्स यांचा जन्म १८८२ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. केंब्रिज येथे वनस्पतिशास्त्र शिकून ते १९०४ मध्ये इजिप्तला गेले. नाईल नदीच्या खोऱ्यातील भारी जमिनीत तेव्हा लांब धाग्याचा कापूस पाटपाण्यावर घेतला जात होता. १९०२ मध्ये अस्वान धरण पूर्ण झाले आणि पाण्याची सोय वाढली, पण एकरी उत्पादन मात्र घसरत होते. १९०९ चा हंगाम तर फारच वाईट गेला. कोणी बियाण्याला, कोणी किडीला दोष देत होते.

बॉल्स यांनी ठरावीक झाडे निवडली. त्यांची उंची, उमललेली फुले व फुटलेली बोंडे रोज मोजून आलेख काढले. जमिनीतील फरकामुळे निष्कर्ष चुकू नये म्हणून एकच प्रयोग अनेक लहान वाफ्यांत करण्यावर त्यांचा भर होता. भूजलाची पातळीही त्यांनी तपासली.

कारण मुळाशी सापडले. कालव्यांचे पाणी मुरून आणि नाईलच्या पुरामुळे भूजल वर येत होते. खोल गेलेली मुळे पाण्यात बुडून हवेअभावी गुदमरत आणि पाते, फुले, कोवळी बोंडे गळत. म्हणजे पाणी वाढले, पण निचऱ्याची सोय त्या प्रमाणात झाली नव्हती. १९१२ मध्ये त्यांनी इजिप्तमधील कपाशीवर ग्रंथ प्रसिद्ध केला.

पुढे इंग्लंडमध्ये सूतगिरणी उद्योगासाठी त्यांनी धाग्याच्या गुणवत्तेवर काम केले. १९२३ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९२७ मध्ये पुन्हा इजिप्तला जाऊन त्यांनी कृषी खात्यात कापूस संशोधन सांभाळले. १९६० मध्ये त्यांचे निधन झाले.

शेतकरी बंधूंनो, कालव्याच्या लाभक्षेत्रातील काळ्या जमिनीत हा धडा आजही लागू पडतो. आज उमललेल्या फुलाचे पाते तीन ते चार आठवडे आधी लागलेले असते आणि फुलापासून बोंड फुटायला सुमारे ५० दिवस लागतात. त्यामुळे वेचणीला दिसणारी घट आधीच झालेली असते.

• शेताचे हलकी, मध्यम, भारी व पाणथळ असे भाग पाडा.
• प्रत्येक भागात १० झाडांना खूण करून दर आठवड्याला उंची, पाते, फुले व बोंडे मोजा.
• एखाद्या भागात गळ वाढल्यास आधी खड्डा खोदून मुळांजवळील ओल पाहा.
• ओल जास्त असल्यास पाणी थांबवा, चर काढून निचरा करा आणि वाफसा आल्यावरच पुढील पाणी द्या.
• ओल योग्य असल्यास कीड व अन्नद्रव्यांची कमतरता तपासा. कारण कळल्याशिवाय खत किंवा फवारणीवर खर्च करू नका.