वाडीतला दिवा आणि शंकर आबाजी

आमच्याकडे सिंदेवाहीच्या बाजूला रात्री संडासला जायचं म्हणजे आधी खिडकीतून वाडीत बघायचं. कुत्र्यामागे बिबट्या कधी येईल, नेम नाही. रात्रभर दिवा ठेवला तर किडे, वर बिल. म्हणून यंदा मागच्या भिंतीवर सेन्सर बसवून घेतला. समोर अंगाची ऊब हलली की दिवा लागतो, ठरवलेल्या वेळाने आपला आपण विझतो.

मैत्रिणींनो, एक मात्र करा. सेन्सरला वगळून दिवा लावणारं साधं बटणही वायरमनकडून घरात बसवून घ्या. दाराबाहेर पाऊल टाकायच्या आधी उजेड हवा ना! आणि मे महिन्यात आपल्या चंद्रपुरात संध्याकाळची हवाही अंगाइतकी तापलेली असते. तेव्हा सेन्सरला माणूस लवकर कळत नाही.

हे आपोआपचं वेड काढलं कुणी, असं मुलीनं विचारलं. एकाचं नाव कसं घेणार? पण मला आठवले ते आपले मराठी शंकर आबाजी भिसे.

जन्म मुंबईचा, २९ एप्रिल १८६७. चौदाव्या वर्षी म्हणे घरीच दगडी कोळशापासून गॅस करायचं यंत्र जुळवलं. (कोळसा तर आपल्या दाराशी, पण आपण त्यावर फार तर चहा केला!) यंत्रांचं शिक्षण झालं ते एका अमेरिकन मासिकातून. पुढे नोकरी सांभाळून खटाटोप चालूच. मुंबईच्या लोकलसाठी स्टेशनांची नावं दाखवणारं यंत्र केलं. साखर, पीठ आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राचा आराखडा करून तर इंग्लंडमधली स्पर्धा जिंकली. किराणा दुकानात ताटकळलेल्या बाईला याचं मोल विचारावं.

मग ते लंडनला गेले. तिथे दादाभाई नौरोजींचा आधार मिळाला. विजेवर जाहिराती बदलत दाखवणारी पाटी केली, स्वयंपाकघरातली उपकरणं केली, संडासात आपोआप पाणी सोडणारी योजनाही केली. आज मोठ्या शहरातल्या मॉलमध्ये आपण तिचंच कौतुक करतो.

जीव मात्र अडकला छापखान्याचे खिळे ओतणाऱ्या यंत्रात. यंत्र चांगलं, पण गोऱ्या कारखानदारांनी दाद दिली नाही. सर रतन टाटांनी पैसा घातला, १९१० साली दोघांच्या नावानं मंडळी उभी राहिली आणि १९१५ मध्ये मोडलीही. पन्नाशीला टेकलेला माणूस. दुसरा कुणी गाव गाठून स्वस्थ बसला असता. हे १९१६ मध्ये अमेरिकेला गेले. तिथे यंत्राचं काम पुन्हा उभं केलं, आयोडीनचं औषध काढलं, वर्तमानपत्रं त्यांना भारताचा एडिसन म्हणू लागली.

७ एप्रिल १९३५ ला न्यूयॉर्कमध्येच ते गेले. मुलीच्या शाळेच्या पुस्तकात एडिसन आहे, भिसे नाहीत. मी तिला वहीत नाव लिहून दिलं. तेवढ्यात वाडीतला दिवा लागला. दोघी खिडकीकडे धावलो, तर शेजारणीची मांजर.