रक्त सुधारलं, पण नसा का खराब होत राहिल्या? डॉ. सुब्बारावांच्या फॉलिक ॲसिडची गोष्ट

साल १९४५. अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या तयार झालं. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव.

१८९५ चा जन्म. मद्रासला डॉक्टरी शिकताना गांधीजींचं ऐकून ते ऑपरेशनच्या वेळी खादी घालायला लागले. इंग्रज प्राध्यापक चिडले आणि हातात एमबीबीएसऐवजी दुय्यम एलएमएस पदवी पडली. त्याच सुमारास आतड्याच्या स्प्रू आजाराने त्यांचा भाऊ गेला.

पुढे ते हार्वर्डला गेले. पोटासाठी हॉस्पिटलात रुग्णांची घाण उचलली. १९२५ मध्ये फिस्के यांच्यासोबत फॉस्फरस मोजण्याची पद्धत शोधली, जी जगभर वापरली गेली. तरीही हार्वर्डने कायम केलं नाही, म्हणून १९४० ला त्यांनी लेडर्ले गाठली.

फॉलिक ॲसिड स्प्रूवर लागू पडलं. हो, ज्या आजाराने भाऊ नेला त्याच आजारावर. पर्निशियस ॲनिमियातही रक्त भरून येऊ लागलं. पण लवकरच डॉक्टरांच्या लक्षात आलं की रक्त सुधारलेल्या काही रुग्णांचे पाय बधिर पडतायत, चालताना तोल जातोय.

याचं उत्तर बी-१२ मध्ये होतं. ते १९४८ मध्ये शुद्ध स्वरूपात मिळालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव ५३ व्या वर्षी गेले.

नसांवर मायलिनचं आवरण असतं, वायरवर प्लास्टिक असतं तसं. त्याचे थर घट्ट धरून ठेवणारं एक प्रोटीन आहे, मायलिन बेसिक प्रोटीन. या प्रोटीनवर ठरावीक जागी, १०७ व्या आर्जिनिनवर, मिथाइल नावाचा छोटासा गट चिकटलेला असतो, हे १९७१ मध्ये समजलं. यालाच मिथायलेशन म्हणतात. त्याने थर घट्ट बसायला मदत होते, असं मानलं जातं.

हा मिथाइल गट येतो मेथिओनिनपासून. शरीरात मेथिओनिन पुन्हा तयार व्हायला फॉलेट लागतं आणि बी-१२ सुद्धा. बी-१२ नसेल तर वरून दिलेलं फॉलिक ॲसिड रक्तपेशींच्या डीएनएचं काम भागवतं, मिथाइलचा पुरवठा मात्र अडलेलाच राहतो. मायलिन बिघडण्याचं हे एक मुख्य कारण समजलं जातं.

म्हणूनच आज ॲनिमियात नुसतं फॉलिक ॲसिड सुरू करण्याआधी डॉक्टर बी-१२ तपासायला सांगतात.