माझा आवडता नट : शफी इनामदार

शफी इनामदार यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९४५ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यातील पांगारी या खेड्यात झाला. म्हणजे ते आपल्यासारखेच कोकणातले. पुढे ते मुंबईला शिकले आणि नाटकांत कामे करू लागले. १९८३ साली ‘अर्धसत्य’ सिनेमात ते पोलीस इन्स्पेक्टर झाले.

१९८४ साली दूरदर्शनवर ‘ये जो है जिंदगी’ ही विनोदी मालिका लागली. त्यातला नवरा म्हणजे शफी. आजी सांगते, तेव्हा कशेळीत आमच्या आळीला एकच टीव्ही होता. सगळी माणसे दाटीवाटीने बसून पोट धरून हसायची. १९८८ च्या ‘मिर्झा गालिब’ मालिकेत ते जौक नावाचे कवी झाले. ‘ती फुलराणी’ नाटक गाजवणाऱ्या भक्ती बर्वे या त्यांच्या पत्नी. १३ मार्च १९९६ रोजी हृदयविकाराने शफी वारले. वय फक्त ५० वर्षे.

सिनेमात ते हिरो नसायचे. बाजूचेच काम असायचे. तरी आजीला त्यांचेच नाव आठवते, हिरोचे नाही.

यंदा गॅदरिंगच्या नाटकात मला राजा व्हायचे होते, पण हवालदाराचे काम मिळाले. दोनच वाक्ये आहेत. ती मी रोज खाडीवर जाऊन मोठ्याने म्हणतो.