विश्लेषण : धुळीत कोणते बेअरिंग टिकते? कुर्डुवाडीच्या छोट्या रेल्वेचे जनक कॅल्थ्रॉप काय शिकवून गेले?

कुर्डुवाडी–बार्शी मार्गावरची अडीच फुटी रुळांची गाडी इतिहासजमा झाली. मात्र तिचे शिल्पकार एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांचे भाराचे गणित आजच्या वर्कशॉपलाही उपयोगी आहे.

कोण होते कॅल्थ्रॉप?

जन्म १८५७, इंग्लंड. क्रू येथील रेल्वे कारखान्यात उमेदवारी करून ते १८८२ मध्ये जीआयपी रेल्वेच्या नोकरीत भारतात आले. बार्शीची बाजारपेठ मुख्य मार्गापासून दूर होती. तिथवर स्वस्तात रेल्वे नेण्याच्या ध्यासापायी त्यांनी पक्की नोकरी सोडली. १८९५ मध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९७ मध्ये गाडी धावली.

त्यांचे गणित काय होते?

हलके रूळ स्वस्त, पण जास्त भार पेलत नाहीत. म्हणून कोणत्याही अ‍ॅक्सलवर ५ टनांहून अधिक भार नको, हा त्यांचा नियम. इंजिनाचे वजनही ६ अ‍ॅक्सलवर विभागले होते. भार एका जागी न देता वाटून द्यायचा, हेच सूत्र.

धुळीचे काय?

वाफेच्या इंजिनात क्रॉसहेड हा भाग स्लाइड बारवर सरळ रेषेत मागे-पुढे सरकतो. तिथे गोळ्यांचे बेअरिंग नसे. मऊ व्हाइट मेटलचे अस्तर आणि तेल असे. बारीक कण मऊ धातूत रुततात, त्यामुळे बारवर ओरखडे कमी पडतात. झिजलेले अस्तर कारखान्यात बदलता येते.

आज निवड कशी करावी?

- लाकडाचा भुसा किंवा दगडाची भुकटी उडत असेल आणि अचूकता मध्यम चालत असेल, तर प्लास्टिक अस्तराचे साधे बुश बरे. घर्षण थोडे वाढते, पण ते सहसा अडकत नाही.
- अचूकता हवी असेल, तर गोळ्यांची गाइड घ्या. मात्र सील, घडीचे कव्हर आणि नियमित ग्रीस हवेच.
- शक्य तिथे रूळ उभ्या बाजूवर बसवा, म्हणजे धूळ साचत नाही.
- दोन बेअरिंगमधील अंतर वाढवा. कलता भार वाटला जातो.

पुढे काय झाले?

कॅल्थ्रॉप यांनी नंतर वैमानिकांसाठी ‘गार्डियन एंजल’ पॅराशूट बनवले. पहिल्या महायुद्धात बहुतेक ब्रिटिश वैमानिकांना मात्र पॅराशूट मिळालेच नाही. १९२७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची छोटी गाडी त्यानंतरही अनेक दशके धावत राहिली.