विश्लेषण : देवघरातली लक्ष्मी मळवलीत का छापली जात होती? राजा रविवर्मा आणि भाजे लेण्यांजवळचा छापखाना

पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरणारे बहुतेक जण भाजे लेणी, लोहगड किंवा विसापूरच्या वाटेला लागतात. याच मळवलीत १८९९ मध्ये राजा रविवर्मा यांचा छापखाना आला. कमळातली लक्ष्मी, वीणा घेतलेली सरस्वती अशी असंख्य चित्रं इथून घरोघरी गेली. केरळच्या किनारी मुलखात जन्मलेल्या आणि मुंबईत रमलेल्या चित्रकाराचा छापखाना मावळात कसा पोहोचला?

तैलरंग शिकवले कोणी?

खरं तर कोणीच नाही. २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातल्या किळिमानूरला जन्मलेल्या रविवर्मांना चित्रकलेचे पहिले धडे मामांनी दिले. चौदाव्या वर्षी ते तिरुवनंतपुरमच्या दरबारात आले. तैलरंग तेव्हा तिथे नवे होते. जलरंग भराभर वाळतो, तर तैलरंग सावकाश. त्यामुळे एक छटा दुसरीत मिसळायला वेळ मिळतो आणि रेशमाची चमक, दागिन्यांचं सोनं, त्वचेचा उजाळा दाखवता येतो. दरबारी चित्रकार रामस्वामी नायडू यांनी हे तंत्र शिकवायला नकार दिल्याचं सांगितलं जातं. १८६८ मध्ये आलेल्या थिओडोर जेन्सन या युरोपीय चित्रकाराने फक्त आपलं काम पाहू दिलं. बाकी सगळं रविवर्मा हाताने करत, चुकत शिकले. पाचच वर्षांत, १८७३ मध्ये, व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्राला पारितोषिक मिळालं. १८९३ मध्ये शिकागोलाही त्यांची दहा चित्रं गेली.

देवींना साडी कुठून आली?

रविवर्मा एकट्याने काम करत नसत. धाकटे बंधू सी. राजराजवर्मा हे स्वतः चांगले निसर्गचित्रकार. अनेक चित्रांची पार्श्वभूमी त्यांच्या हातची आहे. प्रवास, हिशेब, गिऱ्हाइकांशी पत्रव्यवहारही तेच पाहत. त्यांनी लिहिलेली रोजनिशी नसती, तर या दोघांचा दिनक्रम आज कळलाच नसता. मुंबईच्या मुक्कामात समोर बसवलेल्या स्त्रिया, छायाचित्रं आणि रंगभूमीवरची दृश्यं या सगळ्यांचा चित्रांना उपयोग होई. पुराणातल्या नायिकांना वेश कोणता द्यायचा, हा प्रश्न त्यांनी देशभर फिरून साडीने सोडवला. आज सीता किंवा दमयंती साडीतच डोळ्यांपुढे येते, त्यात या निर्णयाचा वाटा मोठा आहे.

छापखान्याची कल्पना कोणाची?

कुंभकोणमच्या मराठी घराण्यातले टी. माधवराव आधी त्रावणकोरचे आणि नंतर बडोद्याचे दिवाण होते. चित्रांना इतकी मागणी आहे आणि दोन हातांनी ती पुरी होणार नाही, तेव्हा युरोपातून त्यांच्या रंगीत प्रती छापून घ्याव्यात, असं त्यांनी १८८४ च्या सुमारास सुचवलं. पुढे सयाजीराव गायकवाडांसाठी केलेली १४ पौराणिक चित्रं लोकांपुढे मांडली, तेव्हा ती पाहायला गर्दी लोटली. रविवर्मांनी परदेशात छापून घेण्याऐवजी छापखानाच काढला. १८९४ मध्ये मुंबईत जर्मन यंत्रं आणि जर्मन तंत्रज्ञ आणून काम सुरू झालं. पहिलं चित्र होतं शकुंतलेच्या जन्माचं.

ओलिओग्राफ म्हणजे काय?

हा शिळाछापाचाच प्रकार. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने आकृती काढायची आणि दगड ओला करायचा. छपाईची शाई तेलकट भागालाच चिकटते, ओल्या भागाला नाही. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. तोच कागद एकामागून एक सगळ्या दगडांवरून जातो. एखादा रंग केसभर सरकला, तरी देवीचे ओठ गालावर जातात! शेवटी वॉर्निश आणि कॅनव्हाससारखा खरखरीतपणा. लांबून पाहणाऱ्याला तैलचित्रच वाटे.

मग मळवलीच का?

कारण प्लेग. १८९६ मध्ये मुंबईत साथ आली आणि लोक शहर सोडून गेले. तिथे कारखाना चालवणं कठीण झालं. मळवली घाटावर, मुंबईपासून दूर आणि तरीही रेल्वेमार्गावर. दगड, कागद, यंत्रं यांसारखा जड माल हलवायला ते महत्त्वाचंच. जवळच भाज्याला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कारागिरांनी २२ लेणी खोदली होती. त्याच परिसरात आता पुन्हा दगडावरच चित्रं उमटू लागली.

तोटा कोणाला झाला?

रविवर्मांना. चित्रं खपत होती, पण छापखाना कर्जात होता. दोन्ही भाऊ मूळचे चित्रकार आणि कामासाठी सतत फिरतीवर. १९०१ च्या सुमारास त्यांनी छापखाना आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशरला विकला. त्याच्यासोबत अनेक चित्रं छापण्याचे हक्कही गेले. म्हणजे पुढच्या काळात रविवर्मांचं नाव सांगणाऱ्या ज्या प्रती घरोघरी पोहोचल्या, त्यांच्या धंद्याचे मालक रविवर्मा नव्हते. श्लायशरने देवादिकांबरोबर जाहिरातींची आणि लेबलांची कामंही घेतली. दादासाहेब फाळके यांनीही सिनेमाकडे वळण्यापूर्वी या छापखान्यासाठी काम केलं होतं.

१९०५ मध्ये राजराजवर्मा गेले. सोबतीचा हातच गेला. २ ऑक्टोबर १९०६ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी, रविवर्मांचं किळिमानूरला निधन झालं. मळवलीचा छापखाना त्यानंतरही अनेक दशकं सुरू होता. १९७२ मध्ये लागलेल्या आगीत तो जळाला आणि जपून ठेवलेली कित्येक छापील चित्रंही त्यात गेली.