थेऊरचा हिशेब

१९७४ सालच्या मे महिन्यात रेल्वेचा मोठा संप झाला, तेव्हा आमचे अण्णा शिवडीच्या क्षयाच्या इस्पितळात होते. वडाळ्याच्या आमच्या खोलीतून आई रोज दुपारी डबा घेऊन निघायची. शाळेला सुट्टी असल्यामुळे मीही बरोबर असायचो. हार्बरच्या गाड्या बंद आणि बसमध्ये पाय ठेवायला जागा नाही, म्हणून किडवाई मार्गानं आम्ही चालतच जायचो. मुलांना वॉर्डात सोडत नसत. आई वर जाऊन येईपर्यंत मी फाटकाजवळच्या झाडाखाली बसून वाचत असे. हातात असायची रणजित देसाईंची ‘स्वामी’. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातून अण्णांच्या नावावर आणलेली, खाकी पुठ्ठा चढवलेली.

माझं वय तेरा. ऐतिहासिक कादंबरी म्हणजे घोडे, तलवारी आणि गडावर फडकणारं निशाण, एवढीच माझी अपेक्षा. पण ही गोष्टच मुळी लढाई हरल्यानंतरची होती. तीत एक सोळा वर्षांचा मुलगा होता, त्याची त्याच्याहून लहान बायको होती, आणि घरातला प्रत्येक मोठा माणूस एक तर मेलेला होता नाही तर रुसलेला. पहिले दोन दिवस मी थोडा हिरमुसलो. तिसऱ्या दिवशी आई इस्पितळातून खाली आली आणि तिला मला दोनदा हाक मारावी लागली.

तो मुलगा म्हणजे थोरले माधवराव पेशवे. जन्म फेब्रुवारी १७४५ चा. नानासाहेब आणि गोपिकाबाईंचा हा दुसरा मुलगा. पेशवाई त्याच्या वाट्याला येणार असं कुणाच्या मनातही नव्हतं. ती थोरल्या विश्वासरावांची. पण १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासराव पडले, सदाशिवरावभाऊ पडले आणि मराठी मुलखात घराघरातून रडं उठलं. त्या धक्क्यानं खचलेले नानासाहेब जूनमध्ये पर्वतीवर वारले. जुलै महिन्यात साताऱ्याच्या छत्रपतींकडून माधवरावांना पेशवाईची वस्त्रं मिळाली. सहा महिन्यांत भाऊ, चुलता आणि बाप गेलेला मुलगा गादीवर बसला.

वारशात काय मिळालं? उत्तरेतला दरारा गेलेला, निजाम आणि हैदर टपून बसलेले, खजिना रिकामा आणि डोक्यावर सावकारांचं देणं. याशिवाय एक चुलता होता. रघुनाथराव. अटकेपर्यंत घोडा नेलेला हा शूर माणूस पोरसवदा पुतण्याच्या हाताखाली वागायला तयार नव्हता. १७६२ साली काका-पुतण्यांची फौज एकमेकांसमोर उभी राहिली आणि काकांनी निजामाची मदत घेतली. पुतण्याला लढाई पुढे रेटता आली असती. पण घरच्या भांडणात निजामाचं फावतं हे ओळखून माधवराव आळेगावला स्वतः होऊन काकांच्या स्वाधीन झाले. सतराव्या वर्षी हरण्याचा असा निर्णय घेणं मला तेव्हा भ्याडपणाचं वाटलं होतं. पुढे संसारात पडल्यावर त्याची किंमत कळली.

दुसऱ्याच वर्षी निजामाच्या फौजांनी पुणं लुटलं, जाळलं. मग १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदावरीकाठी राक्षसभुवनाला लढाई झाली. शत्रूच्या वेढ्यात सापडलेल्या काकांना सोडवायला धावून गेला तो हाच पुतण्या. लढाई जिंकली आणि त्या दिवसापासून कारभाराची सूत्रं खऱ्या अर्थानं माधवरावांच्या हाती आली. पुढच्या काही वर्षांत हैदर अलीवर मोहिमांमागून मोहिमा झाल्या. नागपूरकर भोसल्यांना जरबेत आणलं. काकांची कुरबूर थांबेना तेव्हा १७६८ मध्ये धोडपला त्यांचा पराभव केला आणि त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं.

मोहिमांपेक्षा मला आज हा माणूस कचेरीत बसलेला अधिक दिसतो. रयतेला वेठीला धरणाऱ्या अधिकाऱ्यांना त्यानं आळा घातला. न्यायाच्या आसनावर रामशास्त्री प्रभुण्यांसारखा माणूस बसवला आणि त्याचं ऐकून घेतलं. पेशवे जपात फार वेळ घालवतात आणि कामं खोळंबतात हे पाहून शास्त्रीबुवांनी सरळ काशीला निघून जाण्याची परवानगी मागितली, ही कथा आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. क्षत्रियाचं काम पत्करलं असेल तर ते करा, नाहीतर गंगेकाठी जाऊन जप करा, असा त्यांचा रोख होता. पेशव्यांनी जप आवरता घेतला. रागीट म्हणून प्रसिद्ध असलेला हा तरुण आपली चूक दाखवणाऱ्याला दूर करत नव्हता. सख्ख्या मामाचीही त्यानं भीड ठेवली नाही. त्यापायी आई दुखावली, पुणं सोडून नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिली.

जून लागला, शाळा सुरू झाली आणि अण्णा घरी आले. त्यांचं ताट-वाटी वेगळी, पेला वेगळा, खाट खिडकीशी. इंजेक्शनं आणि मूठभर गोळ्या वर्ष-दीड वर्ष चालायच्या होत्या. गोदीतल्या कारकुनीची रजा संपली होती आणि अर्ध्या पगारावर घर चालायचं होतं. डॉक्टरांनी फार बोलू नका म्हणून बजावलेलं, तेव्हा रात्री जेवणं झाली की मी ‘स्वामी’ मोठ्यानं वाचायचं असं ठरलं. आई सुपात तांदूळ घेऊन निवडत बसे. बाहेर पाऊस. शेजारच्या दोन बायका उंबरठ्याशी येऊन टेकत. रमा-माधवांच्या प्रसंगांना त्या पदर डोळ्यांना लावत आणि उद्या किती वाजता वाचणार हे विचारून घेत.

ही कादंबरी १९६२ साली आली. त्याच वर्षाच्या अखेरीस चीनच्या युद्धात देशाला हार पाहावी लागली. १९६४ साली तिला साहित्य अकादमीचं पारितोषिक मिळालं. १९८७ मध्ये गजानन जागीरदारांनी तिची दूरदर्शन मालिका केली, तेव्हा रवींद्र मंकणी आणि मृणाल देव यांच्या रूपानं रमा-माधव घराघरात पोचले. पण त्याआधी पंचवीस वर्षं ती आमच्यासारख्या खोल्यांतून अशी वाचून आणि ऐकून जगत होती. इतिहासाच्या दप्तरांत माधवरावांच्या मोहिमा आणि महसूल सापडतात. नवराबायकोच्या मनातलं फारसं सापडत नाही. सोलापूरच्या जोशी घराण्यातली ही मुलगी शनिवारवाड्यात आली, मूलबाळ झालं नाही, आणि तिचा नवरा बहुतेक काळ घोड्यावर राहिला. मधली रिकामी जागा देसाईंनी भरली. ते कादंबरीकाराचं कामच आहे.

मी मात्र पुढची पानं चोरून वाचली होती आणि घाबरलो होतो. १७७० साली कर्नाटकाच्या मोहिमेत माधवरावांची प्रकृती ढासळली आणि मोहीम त्र्यंबकराव पेठ्यांवर सोपवून त्यांना परतावं लागलं. दुखणं होतं राजयक्ष्मा. म्हणजे अण्णांना होतं तेच. खाटेवर खोकणाऱ्या माणसाला खोकणाऱ्या पेशव्याची गोष्ट कशी वाचून दाखवायची? एका रात्री मी धीर करून आठ-दहा पानं एकदम उलटली आणि जमेल तसं वाक्याला वाक्य जोडलं. आईचा तांदळातला हात थांबला. अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या रात्रीही मी तेच केलं. तेव्हा त्यांनी हात पुढे करून पुस्तक मागितलं आणि उशाशी ठेवून दिलं. ते त्यांनी अकादमीच्या पारितोषिकाच्या वर्षीच वाचलेलं होतं. शेवट त्यांना माझ्या आधी दहा वर्षं ठाऊक होता.

मग थांबत थांबत, डॉक्टरांची आज्ञा मोडून, पुढचं त्यांनी स्वतः सांगितलं. पेशवा इकडे अंथरुणाला खिळत असताना तिकडे उत्तरेत त्यानं पाठवलेल्या फौजा काम करत होत्या. महादजी शिंदे आणि विसाजीपंत बिनीवाले यांनी १७७१ मध्ये दिल्ली घेतली. जानेवारी १७७२ मध्ये बादशहा शाहआलम मराठ्यांच्या आधारानं दिल्लीच्या तख्तावर आला. पानिपतावर गेलेली पत अकरा वर्षांनी परत मिळाली आणि ती मिळवणारा माणूस तेव्हा धड बसूही शकत नव्हता. त्याला थेऊरला, चिंतामणीच्या देवळात नेऊन ठेवलं होतं. त्या शेवटच्या महिन्यांत त्यानं कारभाऱ्यांसाठी जी कलमं लिहवली त्यांत काशी-प्रयाग सोडवण्याची वडिलांची इच्छा होती, ज्या काकानं आयुष्यभर छळलं त्याच्या पोटापाण्याची सोय होती, आणि सरकारावरचं देणं फेडून टाकावं हेही होतं. सावकारांचं देणं शिल्लक ठेवून मरायची त्याची तयारी नव्हती.

एवढं सांगून अण्णांना धाप लागली. पाणी प्यायल्यावर त्यांनी मला कपाटातली डायरी काढायला सांगितली. तिच्या शेवटच्या पानावर त्यांनी स्वतःचं देणं लिहून ठेवलं होतं. पतपेढी, वाणी, मामा, शेजारचे काका; प्रत्येकापुढे आकडा. आईनं ते पान पाहिलेलं नव्हतं. ती उठून मोरीकडे गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली.

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला माधवराव गेले. वय सत्तावीस. रमाबाई त्यांच्यामागे सती गेल्या. मुळा-मुठेच्या काठी त्यांचं वृंदावन आजही आहे. पुस्तक परत करण्याआधी तो शेवट मी वाचलाच, कारण उंबरठ्यावरच्या बायकांना तो हवा होता. त्या रडल्या. आई रडली नाही. तिचं म्हणणं असं, की रमेनं मागे राहायला हवं होतं. धाकट्या नारायणरावाला कोण होतं मग? तेरा वर्षांच्या मला ते कोरडं वाटलं. आईला प्रेमाची गोष्ट समजतच नाही असं मी ठरवून टाकलं.

पुढे इतिहास वाचला तेव्हा तिच्या बोलण्याला बराच आधार सापडला. माधवरावांना जाऊन वर्ष होण्याआधीच, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला. त्याच वाड्यात सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई होत्या. पानिपतानंतर आपलं वैधव्य त्यांनी मान्यच केलं नाही, आणि १७८३ पर्यंत जगल्या. तिकडे इंदुरात अहिल्याबाई होळकर सती गेल्या नाहीत म्हणून एक दौलत सावरली. १७६७ साली रघुनाथरावांचा डोळा त्या दौलतीवर पडला, तेव्हा अहिल्याबाईंच्या पाठीशी उभे राहिले ते माधवरावच. म्हणजे मागे राहिलेली बाई काय करू शकते हे या पेशव्याला पक्कं ठाऊक होतं. ‘स्वामी’चा शेवट वाचताना आजही माझे डोळे भरतात, आणि त्याच वेळी तांदूळ निवडणारी आई समोर दिसते. त्या पावसाळ्यात तिनं शिवणाचं मशीन उसनं आणलं होतं. आमचं वाचन संपल्यावर ती रात्री बारापर्यंत परकर शिवत बसे.

माधवरावांनंतर एकशे दहा वर्षांनी, १८८२ मध्ये, रॉबर्ट कॉखनं क्षयाचा जंतू शोधला. १९४३ मध्ये अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. पेशव्याला वैद्य, हकीम, देव, सगळे होते. हे औषध नव्हतं. गोदीतल्या कारकुनाला ते मिळालं. १९७५ च्या दिवाळीनंतर अण्णांच्या गोळ्या थांबल्या आणि ते आणखी चोवीस वर्षं जगले.

मी बँकेत लागलो. कर्जखात्यात नोकरीची बरीच वर्षं गेली. फेडायची ऐपत असून बुडवणारे पाहिले आणि ऐपत नसताना दर महिन्याच्या सात तारखेला खिडकीशी उभे राहणारेही पाहिले. कुणी मला थोरल्या माधवरावांचा मोठेपणा विचारला तर राक्षसभुवन नक्की सांगेन, दिल्लीही सांगेन; पण आधी थेऊर सांगेन.

काही वर्षांपूर्वी आईला थेऊरला घेऊन गेलो होतो. माधवरावांच्या नावाशी जोडलेल्या देवळाच्या लाकडी सभामंडपात ती बराच वेळ बसली. नंतर नदीकाठी रमाबाईंच्या वृंदावनापाशी गेली. हात जोडले, पण नवस-बिवस काही बोलली नाही. परतताना गाडीत मला म्हणाली की पोरीचं वय तरी काय होतं. एवढंच.

अण्णांची ती डायरी आता माझ्याकडे आहे. शेवटच्या पानावर देण्यांची ओळीनं यादी आहे आणि प्रत्येक नावावर शाईची आडवी रेघ. मामांचं देणं फिटायला १९७९ उजाडलं. यादीच्या तळाशी वेगळ्या पेननं लिहिलेली एक नोंद आहे : ग्रंथसंग्रहालय, ‘स्वामी’, उशिराचा दंड, सत्तर पैसे. तिच्यावरही रेघ आहे.